पणजीचं माहेर

सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या रेकॉर्ड रूमची बासनं सुटली. निजाम काळातले महसुली कागद, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे यांतून मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. काही कागद उर्दूत, काही मोडीत. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत, सगळीकडे भावकी एकत्र बसून खापरपणजोबांची नावं आठवू लागली. 2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेटिअर लागू करण्याचा शासन निर्णय निघाला आणि हा शोध पुन्हा गावात उतरला. आरक्षणाच्या वादावर पुष्कळ लिहून झालं आहे. मला बोलायचं आहे ते या दोन वर्षांत घरोघर तयार झालेल्या वंशावळींबद्दल.

शोध सोपा नव्हता. जुन्या कागदात आडनाव बहुतेक वेळा नसतंच. 'मारोती वल्द सटवाजी', म्हणजे सटवाजीचा मुलगा मारोती, एवढ्यावर माणूस ओळखायचा. औंढ्याच्या नागनाथामुळे या भागात नागोराव फार, त्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. एका भावकीत तीन-तीन नागोराव निघतात. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून तेच नाव मिळालेल्या मुलाला घरात हाक मात्र बापू, आबा अशी. मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, केरबा. मग जमिनीचा सर्व्हे नंबर आणि बापाचं नाव जुळवत, एकेक पिढी लावत वर जायचं.

एवढ्या कष्टानं झालेल्या कागदावर बाई जवळपास नाही. वंशावळ बापाकडून आजोबाकडे, तिथून पणजोबाकडे चढते. जमिनीच्या कागदात बाई आलीच तर 'लक्ष्मीबाई भ्र. किसन' अशी, नवऱ्याच्या आधारानं. ती कुठून आली, कुणाची लेक, याची नोंद नाही. अनेक घरांत लग्नात तिचं पाळण्यातलं नावही बदललेलं. खरं तर आपल्याला हे माहीत असतं. सोयरीक जुळवताना मामेकुळी विचारल्याशिवाय बोलणी पुढे सरकत नाहीत. बोलण्यात आहे, फक्त कागदावर नाही.

कॅनडातल्या क्यूबेकमध्ये फ्रेंच घराण्यांनाही आडनावांचा असाच घोळ सोसावा लागला. सैनिकांना मिळालेली टोपणनावं आडनावाला चिकटली आणि पुढे एकाच घराण्याच्या शाखा वेगवेगळ्या आडनावांनी ओळखल्या जाऊ लागल्या. पण तिथल्या चर्चच्या वहीत लग्न झालेली बाई माहेरच्या नावानंच लिहिली जाई. त्यामुळे सिप्रियां तांग्वे या पाद्र्यानं 1871 पासून घराण्यांचा कोश छापला, तेव्हा लेकीसुनांचे धागेही त्याच्या हाती होते. आज तिथला माणूस आईकडूनही सतराव्या शतकापर्यंत पोचू शकतो.

आपल्याकडे असं घडलंच नाही असं मात्र नाही. हिंगोलीजवळचं नरसी हे संत नामदेवांचं जन्मस्थान मानलं जातं. जन्म 1270 चा. त्या घरातली आई गोणाई, पत्नी राजाई, बहीण आऊबाई, लेक लिंबाई, सुना लाडाई, गोडाई, येसाई, साखराई ही सगळी नावं आजही वारकऱ्यांना पाठ आहेत. नामदेव गाथेत या घरातल्या बायकांच्या नावावर अभंग आहेत, म्हणून ती टिकली. त्याच नरसीच्या पंचक्रोशीत आज पणजीचं नाव विचारलं तर घर गप्प होतं, याचं मला फार वाईट वाटतं.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी लावायचा नियम राज्यात लागू झाला. विवाहित स्त्रीसाठी मात्र स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव हीच रीत कायम आहे. म्हणून वंशावळीची फाईल अजून घरात असेल, तर तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर प्रत्येक पिढीतल्या बाईचं माहेरचं नाव, गाव आणि आडनाव लिहून काढावं. हे सांगू शकणाऱ्या आत्या आणि आज्या आता ऐंशीच्या पुढे आहेत.