मॉरिशस बेट आणि तिथली पाखरे

फुलसावंगीकडच्या शिवारात विहीर खणायला घेतली, की खाली काळा पाषाण लागतो. पहार चालत नाही. सुरुंग लावावा लागतो. हा दगड आला कुठून, असे कधी मनात आले का? तो पूर्वी रस होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या. आतून तापलेल्या, वितळलेल्या दगडाचा लोट बाहेर आला. तो पसरला, थिजला. त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. आपल्या वावरातली काळी माती म्हणजे याच दगडाचा झालेला भुगा. तिच्यात आपली पऱ्हाटी वाढते.

आता नवलाची गोष्ट ऐका. हा रस ज्या भट्टीतून आला, ती भट्टी आज आपल्या पायाखाली नाही. ती हजारो किलोमीटर दक्षिणेला, हिंदी महासागराच्या तळाखाली आहे. भट्टी जवळजवळ जिथल्या तिथे राहिली. सरकली ती आपली जमीन. वर्षाला वीतभरही नाही, पण कोट्यवधी वर्षे ती उत्तरेकडे सरकत राहिली. मागे समुद्रात भट्टीचा रस वर येतच होता. त्याचे डोंगर झाले. असाच एक डोंगर सुमारे ऐंशी लाख वर्षांपूर्वी पाण्याच्या वर आला. तेच मॉरिशस बेट. शास्त्रज्ञांनी दगड तपासून हे ठरवले आहे. म्हणजे दगडाच्या नात्याने मॉरिशस आपल्या शिवाराचा धाकटा भाऊ लागतो.

बेट तसे लहान. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात अशी सात बेटे मावतील. मुंबईपासून ते सुमारे ४,७०० किलोमीटर दूर आहे. इतके दूर असूनही तिथे मराठी माणसे आहेत. इंग्रजांच्या राज्यात, १८३४ सालापासून पुढे, उसाच्या मळ्यांवर राबायला हिंदुस्थानातून लाखो मजूर कराराने नेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली मराठी माणसेही होती. त्यांची नातवंडे-पतवंडे आज तिथे नांदतात. शाळेत मराठी शिकवतात. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. या मंडळींची हकीकत आम्ही पुन्हा केव्हातरी सांगू. आज सांगायचे आहे ते त्यांच्याही आधी तिथे राहणाऱ्या पाखरांचे.

पुरात नदीच्या मध्ये एखादा उंचवटा उरतो. चहूकडे पाणी, आणि त्यावर चार झाडे. त्याला आपण बेट म्हणतो. पण पूर ओसरला की ते पुन्हा काठाला लागते. मॉरिशसचे तसे नाही. ते समुद्राच्या तळातून वर आले. कोणत्याही मोठ्या भूमीला ते कधीच जोडलेले नव्हते. वर आले तेव्हा नुसता तापलेला दगड. गवताची काडी नाही, मुंगी नाही.

मग तिथे जीव आले कसे? जे समुद्र ओलांडू शकले, तेच आले. वाऱ्याने हलकी बी आली. पाखरांच्या पोटातून आणि पायाच्या चिखलातून बी आली. वाहत्या ओंडक्याला धरून पाली आणि सरडे आले. वादळात भरकटलेली पाखरे आली. कासवे तरंगत आली. पण वाघ, कोल्हा, माकड, उंदीर यांना एवढा समुद्र पार करता येईना. बेडकाचे अंग खाऱ्या पाण्यात टिकत नाही, म्हणून बेडूकही नाही. अंगावर केस असणारे, पिलांना दूध पाजणारे असे जमिनीवरचे प्राणी म्हणाल, तर तिथे फक्त वटवाघळे पोहोचली. त्यांना पंख आहेत ना!

विचार करा. कोल्हा नाही, मांजर नाही, मुंगूस नाही. अशा ठिकाणी लाखो वर्षे राहिलेल्या पाखराचे काय होईल? भ्यायचे कुणाला? उडायचे कशाला? उडायला बळ लागते आणि बळाला खाणे लागते. जमिनीवरच फळे पडलेली असतील, तर जे पाखरू उडण्यात शक्ती घालवत नाही तेच जास्त पुष्ट होते. त्याचीच पिले जगतात. पिढ्यान्‌पिढ्या असे चालले, की पंख आखूड होतात आणि अंग जड होते. पाहता पाहता ते पाखरू जगात दुसरीकडे कुठेच नसणारे, निराळे असे होऊन बसते.

असाच एक पक्षी तिथे झाला. त्याचे नाव डोडो. तो जातीने कबूतरच. त्याचा आज जिवंत असलेला सर्वांत जवळचा भाऊबंद आपल्या देशाच्या निकोबार बेटांवर आहे. पण डोडो कबुतराएवढा नव्हता. सुमारे तीन फूट उंच, वजन दहा किलोच्या वर, मोठी वाकडी चोच, नावापुरते पंख. तो जमिनीवर घरटे करी.

१५९८ साली डच लोकांची जहाजे मॉरिशसला लागली. आपल्या जुन्या कागदांत या डचांना वलंदेज म्हणत. डोडो त्यांना पाहून पळाला नाही. त्याने माणूस पाहिलाच नव्हता. खलाशांनी त्याला काठीने मारले आणि खाल्ले. म्हणून पुष्कळ लोक सांगतात, की डोडो खलाशांनी खाऊन संपवला. आम्हांला हे अर्धेच खरे वाटते. बेटावर खलाशी होतेच किती? खरा घात केला तो जहाजातून उतरलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी. ती रानात शिरली आणि वाढली. जमिनीवर उघडी पडलेली अंडी त्यांना आयतीच मिळाली. कोंबडीच्या खुराड्यात घूस शिरली तर काय होते, ते आपल्याला ठाऊक आहे. इथे तर सगळे बेटच उघडे खुराडे होते.

त्या काळात काही डोडो जहाजांतून आपल्या देशातही आले होते. पीटर मंडी नावाचा इंग्रज प्रवासी १६२८ ते १६३४ या काळात हिंदुस्थानात होता. सुरतेत आपण दोन डोडो पाहिले, असे त्याने लिहून ठेवले आहे. जहांगीर बादशहाच्या पदरी उस्ताद मन्सूर नावाचा नामांकित चित्रकार होता. डोडोचे एक सुरेख चित्र त्याच्या हातचे समजतात. ते आज रशियात जपून ठेवलेले आहे. प्रतापगडाखाली अफझलखान पडला तो १६५९ साली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १६६२ मध्ये, एका खलाशाने डोडो पाहिल्याची नोंद आहे. त्याच्यानंतरची खात्रीची नोंद नाही. डच येऊन शंभर वर्षे होण्याआधीच डोडो संपला.

बेटावर मोठी कासवेही होती, माणूस पाठीवर बसवून नेतील एवढी. ती अन्नपाण्यावाचून महिनोन्‌महिने जगतात. म्हणून खलाशी ती जिवंतच जहाजात भरून नेत आणि लागतील तशी कापून खात. तीही संपली. एक जातीचा मोठा पोपट गेला, उडता न येणारी एक लाल पाणकोंबडी गेली.

जंगलाचेही तेच झाले. तिथे एक झाड होते, आतून काळेभोर लाकूड असलेले. ते आपल्या तेंदूच्याच कुळातले. आपण तेंदूची पाने तोडतो, झाड राखतो. डचांनी काळ्या लाकडासाठी झाडेच तोडून विलायतेला नेली. ऊसही डचांनीच १६३९ साली आणला. पुढे फ्रेंच आले, मग १८१० मध्ये इंग्रज आले. त्यांनी रान कापून उसाचे फड उभे केले. आज तिथे मूळचे चांगले जंगल शंभरातले दोन भागही उरलेले नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ती आपल्याला थोडी लागेल. त्या बेटाच्या पाखरांना जे शत्रू मिळाले, त्यांतले कितीतरी आपल्याकडचे आहेत. टोळ खाईल म्हणून दोन-अडीचशे वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून साळुंकी नेली. १९०० सालच्या सुमारास प्लेगचे उंदीर मारील म्हणून मुंगूस नेऊन सोडले. पिंजऱ्यात पाळायला आपला पोपट नेला, तो सुटला. साळुंकी आपल्या अंगणात नाचते. मुंगूस दिसले तर आपण शकुन चांगला मानतो. तिथे मात्र मुंगूस पाखरांची पिले खाते. आपला पोपट तिथल्या पोपटाच्या ढोल्या बळकावतो. इथे या जिवांना आवर घालणारे दुसरे जीव आहेत. तिथे कुणी नाही. दोष जनावराचा नाही. त्याला भलत्या जागी नेणाऱ्याचा आहे.

कुणी म्हणेल, पाखरांनी दुसरीकडे जायचे होते. पण जाणार कुठे? आपल्या जिल्ह्यातल्या टिपेश्वरच्या जंगलातून २०१९ साली एक तरुण वाघ निघाला. त्याच्या गळ्यात ठावठिकाणा सांगणारा पट्टा होता, म्हणून हे कळले. रात्री चालायचा, दिवसा लपायचा. वावरे, नाले, रस्ते ओलांडत तो बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगेच्या जंगलात पोहोचला. नऊ महिन्यांत त्याचे चालणे तीन हजार किलोमीटर भरले. वाघाला वाट होती. बेटावरच्या पाखराला वाट नाही. तिथे संपले, म्हणजे जगातून संपले.

तरी सगळे संपले नाही. तिथे एक लहान जातीचा ससाणा आहे. पाली, सरडे धरून खातो. रान गेले तसा तो कमी होत गेला. त्यात भर पडली डीडीटीची. साठ-सत्तर वर्षांपूर्वी हिवतापाचे डास मारायला डीडीटी फवारत. आपल्याकडेही घरांच्या भिंतींवर मारत. म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल. हे विष किड्यांत गेले, किडे पालींनी खाल्ले, पाली ससाण्याने खाल्ल्या. अशा पाखरांच्या अंड्यांची टरफले पातळ होतात आणि अंडी फुटतात. फवारणीचे विष काय करते, हे २०१७ सालानंतर यवतमाळ जिल्ह्याला कुणी सांगायला नको. १९७४ साली रानात या ससाण्याची मोजून चार पाखरे माहीत होती. चार!

१९७९ साली कार्ल जोन्स नावाचा एक तरुण तिथे आला. त्याने जी युक्ती केली ती आपल्या बायाबापड्यांना लगेच कळेल. कोंबडीची अंडी काढून घेतली, तर ती पुन्हा अंडी घालते. ससाणाही तसाच. त्याने घरट्यातली पहिली अंडी अलगद काढली आणि यंत्रात उबवली. रानातल्या जोडीने दुसऱ्यांदा अंडी घातली, ती तिला वाढवू दिली. यंत्रातली पिले हाताने भरवली, मोठी केली, रानात सोडली. ढोल्यांसाठी झाडांवर लाकडी पेट्या टांगल्या. पुढच्या पंधरा वर्षांत तीनशेहून अधिक ससाणे सोडले गेले. आज ते रानात शेकड्यांनी आहेत. तिथला गुलाबी पारवा १९९० च्या सुमारास दहाच्या आत-बाहेर उरला होता, तोही आता शेकड्यांत गेला. मात्र त्याला अजून माणसे दाणे घालतात आणि उंदरांना सापळे लावतात. काम सोडले की गाडी पुन्हा मागे येईल.

मॉरिशसच्या उत्तरेला राउंड आयलंड नावाचे एक चिमुकले बेट आहे, साडेपाचशे एकरांच्या आतले. तिथे कुणीतरी शेळ्या आणि ससे सोडले होते. शेळी गरिबाची गाय खरी, पण राखणदार नसला तर ती कोवळा कोंभ वर येऊ देत नाही. झाडे गेली, पावसाने माती वाहून गेली, खडक उघडा पडला. १९७९ पर्यंत शेळ्या काढल्या, १९८६ मध्ये ससे काढले. मग खडकाच्या फटींतून ताडाच्या जातीची रोपे वर येऊ लागली. जगात दुसरीकडे कुठेच उरला नव्हता असा एक साप तिथे वाचला.

किनाऱ्यालगत आणखी एक बेट आहे, इल-ओ-एग्रेत. आपल्या भाषेत बगळ्यांचे बेट. तिथे मूळ जंगलाचा एक तुकडा शिल्लक आहे. काळ्या लाकडाची झाडे आहेत, पण त्यांची फळे खाऊन बी दूर टाकणारी कासवे नव्हती. म्हणून २००० सालापासून दुसऱ्या बेटावरची मोठी कासवे आणून सोडली. ती फळे खातात आणि फिरतात. त्यांच्या शेणातून बी पडते आणि रुजते.

२५ जुलै २०२० रोजी याच बेटाजवळ वाकाशियो नावाचे मोठे जहाज खडकावर चढले. थोड्या दिवसांनी ते फुटले आणि सुमारे हजार टन तेल समुद्रात पसरले. बेटावरची हजारो माणसे किनाऱ्याला धावली. उसाच्या फडांतून त्यांनी पाचट आणले, कापडाच्या लांबच लांब पिशव्यांत भरले, त्या एकीला एक जोडल्या आणि पाण्यावर सोडल्या. पाचट पाण्यावर तरंगते आणि तेल शोषते. इल-ओ-एग्रेतवरच्या रोपवाटिकेतली रोपे उचलून मोठ्या बेटावर नेली. आसपासच्या लहान बेटांवरच्या दुर्मीळ पाली आणि सापसुरळ्या पकडल्या आणि विमानाने इंग्लंडजवळच्या जर्सी बेटावर सांभाळायला पाठवल्या. आपल्याकडची जर्सी गाय मूळची जिथली, तेच हे बेट.