ओझं उचलणाऱ्यानं आधी जेवायचं

२००१ साली लग्न होऊन मी सातारा जिल्ह्यातल्या या घरात आले, तेव्हा माहेरच्यांनी एकच धास्ती घातली होती, ‘‘सासरे मिल्ट्रीतले आहेत, जपून राहा हो!’’ पहिल्या दिवशी ताटं वाढताना माझा हात थरथरत होता. पुरुषांची पंगत उठल्यावर बायकांनी बसायचं, हे मी लहानपणापासून बघत आलेली. आबा पाटावर बसले आणि म्हणाले, ‘‘पोरी, तुझं ताट कुठाय?’’ मी आत्याबाईंकडे, म्हणजे सासूबाईंकडे बघितलं. त्या हसून म्हणाल्या, ‘‘बस गं. फौजेतला कायदा हाय त्यो.’’

तो कायदा मला हळूहळू कळला. चीनच्या युद्धानंतर, १९६३ साली आबा भरती झाले. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये खेचरांच्या तुकडीत. जिथे गाडी जात नाही अशा डोंगरात जवानांचं रेशन आणि दारूगोळा खेचरांच्या पाठीवरून जातो. मुक्कामावर पोचल्यावर जनावराची पाठ मोकळी करायची, त्याला आधी पाणी, मग दाणा, आणि मग आपलं जेवण. ‘‘वझं त्यानं उचललं, मग आधी खायचं कुणी?’’ आबा विचारायचे. हाच न्याय त्यांनी घरातल्या बायकांनाही लावला. गावातले लोक हसायचे. आबांना त्याचं काही नव्हतं.

आबांना लढाईचं विचारलं की ते खेचरांचं सांगायचे. १९७१ च्या युद्धात शत्रूने पकडून नेलेलं एक खेचर पाठीवर मशीनगन आणि दारूगोळा घेऊन आपल्या ठाण्यावर परत आलं. पुढे ते ‘पेडोंगी’ या नावाने ओळखलं गेलं आणि १९९२ साली लष्कराने त्याचा सन्मान केला. माझ्या मुलाने ही गोष्ट शंभरदा ऐकली असेल. फौजेतल्या खेचराच्या खुरावर नंबर डागलेला असतो. आबांच्या खेचराचा नंबर त्यांना शेवटपर्यंत तोंडपाठ होता. बेंदराला बैलांना अंघोळ घालताना ते एकेक खूर हातात घेऊन न्याहाळायचे. पुरणपोळीचा पहिला घास बैलांना, दुसरा मोती कुत्र्याला, मग आम्हाला.

आणि त्यांची पेटी! बडाखान्याच्या रात्री एका गढवाली जवानाचं बघून बघून ते पेटी शिकले. १९८१ साली हवालदार म्हणून निवृत्त होऊन आले, तेव्हा एका खांद्यावर ट्रंक आणि दुसऱ्या हातात जुनी पेटी होती, असं आत्याबाई सांगायच्या. संध्याकाळी विविध भारतीवरचा ‘जयमाला’ कार्यक्रम ऐकल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एकादशीला विठ्ठलाच्या देवळात भजन असायचं. घरी आत्याबाई भाकरी थापायच्या, तेव्हा आबा चुलीजवळ पेटी घेऊन बसायचे. आत्याबाई तोंडाने म्हणायच्या, ‘‘काय ही कटकट!’’ पण पेटी थांबली की भाकरी करपायची.

२०१९ च्या पावसाळ्यात आबा गेले. मोती दोन दिवस पेटीजवळून हलला नाही.

आणि मग पेन्शन थांबली. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी कागद काढले, तर आबांच्या फौजेतल्या नोंदीत पत्नीचं नाव होतं आत्याबाईंचं माहेरचं. लग्नात बदललेलं नाव मात्र आधारकार्डावर आणि बँकेत. जन्मतारखाही जुळेनात. कागदावर आत्याबाई दोन बायका झाल्या होत्या! त्या शाळेत गेलेल्या नाहीत, त्यामुळे दाखला नाही. एका खिडकीवर त्यांना विचारलं गेलं, ‘‘तुम्ही त्याच कशावरून?’’ छप्पन्न वर्षं संसार केलेली बाई त्या दिवशी घरी येऊन गप्प बसली. रात्री एवढंच म्हणाली, ‘‘खेचराचा नंबर ध्यानात ऱ्हायला त्यांच्या, आन् माजं नाव नीट घालायचं ऱ्हायलं.’’

मला आबांचा पहिल्यांदाच राग आला. नंतर वाटलं, चूक एकट्या आबांची नाही. मीही गावातल्या बायकांचे अर्ज भरत फिरते, पण घरातल्या ट्रंकेतली डिस्चार्ज बुक मी तरी कधी उघडली होती?

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एका माजी सैनिकानेच आम्हाला अर्ज कसा करायचा ते समजावलं. दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र, सरपंचांचा दाखला, रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार. चौदा महिन्यांनी पेन्शन सुरू झाली, थकबाकीसह. आत्याबाईंनी त्यातून पहिलं काम केलं, ते पेटीचा फाटलेला भाता दुरुस्त करण्याचं. आता माझा मुलगा ती वाजवतो. बेसूरच वाजवतो, पण आत्याबाई भाकरी थापता थापता मान डोलावतात.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात कुणी फौजेतून निवृत्त झालेलं असेल, तर आजच ट्रंक उघडा. पेन्शनच्या कागदावर म्हणजे पीपीओवर पत्नीचं नाव आहे का, ते आधार आणि बँकेच्या नावाशी अक्षरशः जुळतं का, जन्मतारीख एकच आहे का, ते बघा. पेन्शनचं खातं दोघांचं संयुक्त करा. चूक असेल तर माणूस हयात असतानाच दुरुस्त करून घ्या. तेव्हा ते काम बरंच सोपं असतं. नवऱ्याला हे विचारणं अशुभ नाही, की लोभीपणाही नाही.

आमच्या घरात आजही जेवायला सगळे एकदमच बसतात. आबांचा पाट मोकळा असतो. पहिली भाकरी मात्र आत्याबाईंच्या ताटात पडते. आयुष्यभर ओझं त्यांनीच उचललं ना!