जुना फोटो, नवा फोटो आणि मधला फोटो

अलीकडे आपल्या मंडळींत एक छंद चांगलाच पसरला आहे. नातवंडे मुंबईला फिरायला जातात, सॅम्युएल स्ट्रीटवर किंवा डोंगरीत उभी राहून मोबाइलवर फोटो काढतात आणि घरच्या आल्बममधल्या जुन्या फोटोशेजारी तो ठेवून साऱ्या नातेवाइकांना पाठवतात. मग दिमोनापासून लोदपर्यंत एकच सुस्कारा ऐकू येतो, "आपले काहीच राहिले नाही हो!" छंद उत्तम आहे. सुस्काऱ्याबद्दल मात्र आमचे म्हणणे थोडे वेगळे आहे. दोन फोटो शेजारी ठेवले की काय बदलले ते दिसते. कधी बदलले आणि कशामुळे, ते दिसत नाही.

प्रथम फोटो कोठून काढला ते पाहावे. जुन्या काळी छायाचित्रकार रस्त्यात तिपाई रोवून उभा राहत असे. आजचे पुष्कळसे फोटो टॅक्सीच्या खिडकीतून, जे.जे. पुलावरून घेतलेले असतात. हा पूल २००२ साली सुरू झाला. जे.जे. इस्पितळापासून क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला तो जवळजवळ अडीच किलोमीटर महंमद अली रोडच्या डोक्यावरून जातो. म्हणजे जुन्या फोटोत आपण दुकानाच्या पायरीकडे पाहतो आणि नव्या फोटोत वरच्या मजल्याच्या खिडकीकडे. अशा दोन फोटोंत साम्य दिसले नाही, तर दोष मोहल्ल्याचा नव्हे.

शिवाय तो महंमद अली रोड तरी कोठे जुना? १८९६ साली मांडवीत प्लेगची साथ सुरू झाली. दाट वस्ती मोकळी करण्यासाठी १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने जुन्या घरांच्या गर्दीतून रुंद रस्ते काढले. सँडहर्स्ट रोड त्यांपैकी एक आणि महंमद अली रोड दुसरा. आपल्या आजोबा-पणजोबांनी हा बदल डोळ्यांनी पाहिला. त्यांनाही त्या वेळी "सगळे गेले" असेच वाटले असेल. ज्या रस्त्याला आपण "आपला जुना रस्ता" म्हणतो, तो त्यांच्या लेखी नवा होता.

आपल्या मशिदीचेही तसेच. (येथे जन्मलेल्या मुलांसाठी सांगतो, बेने इस्राएल बोलीत सिनेगॉगला मशीद म्हणत.) सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली शाअर हारहमीम, म्हणजे आपली "जुनी मशीद", बांधली. सॅम्युएल स्ट्रीट हे नाव त्यांचेच. मस्जिद स्टेशनचे नावही याच मशिदीवरून पडले असे आपली मंडळी मोठ्या अभिमानाने सांगतात; इतर लोक दुसरी कारणे देतात, आणि या वादात आम्ही पडत नाही. पण फोटोखाली "१७९६ ची इमारत" असे जे लिहिले जाते, ते बरोबर नाही. आजची वास्तू १८६० मध्ये जवळच्याच जागी नव्याने उभी राहिली. म्हणून या मशिदीचा कितीही जुना फोटो मिळाला, तरी तो बहुधा दुसऱ्या इमारतीचाच असणार. १८४० च्या शाअरे रासोनला "नवी मशीद" म्हणत. ती नवी मशीदसुद्धा आता पावणेदोनशे वर्षे ओलांडून गेली आहे!

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. आपले लोक मोहल्ल्यातून कधी गेले? घरोघरी एकच उत्तर मिळते: अलिया केली तेव्हा. पण मशिदींच्या तारखा क्रमाने मांडून पाहा. उमरखाडीतील एत्स हाईम १८८८ ची. आग्रीपाड्याच्या बाजूचे मागेन हसीदिम मंडळ १९०४ चे, आणि त्याची आजची इमारत १९३१ ची. जेकब सर्कलजवळ तिफेरेथ इस्राएल. जेथे दहा माणसे जमतात, तेथेच मशिदीची गरज पडते. म्हणजे इस्राएल स्थापन होण्याच्या कितीतरी आधी आपली कुटुंबे मांडवी-डोंगरी सोडून भायखळा, माझगाव, आग्रीपाड्याकडे सरकू लागली होती. नोकरी रेल्वेत, गिरणीत, सरकारी कचेरीत. मुले माझगावच्या एली कदूरी शाळेत. मग घर त्या बाजूला घेणे सोयीचे. मोहल्ला एका रात्रीत रिकामा झाला नाही. आणि आपल्या खोल्या रिकाम्या राहिल्या असेही नाही. कच्छी, बोहरी, कोकणी मुसलमान शेजारी तेथे आधीपासून होतेच, त्यांचे संसार व गोदामे वाढली. नव्या फोटोत जी वर्दळ दिसते, तीत परके असे कोणी नाही. ती आपल्या शेजाऱ्यांची नातवंडे आहेत.

इमारती का गेल्या, याला मात्र अनेक कारणे आहेत. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये बोटीचा स्फोट झाला, तेव्हा आगीची झळ मांडवीपर्यंत पोचली. १९३० च्या आसपासच्या फोटोतले एखादे घर पुढच्या फोटोत नसेल, तर आधी ही तारीख आठवावी. पुढे १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूला आधार मिळाला, पण घरमालकाने डागडुजीतून हात काढून घेतला. लाकडी कठडे कुजले, टेकू लागले. जुलै २०१९ मध्ये डोंगरीत केसरबाई नावाच्या इमारतीचा भाग कोसळून माणसे मेली. म्हणून लाकडी गॅलरीच्या जुन्या फोटोपुढे हळवे होताना एवढे ध्यानात ठेवावे, की ज्यांना आजही त्या गॅलरीत कपडे वाळत घालावे लागतात त्यांना पक्के छप्पर हवे आहे. जवळच्या भेंडी बाजारात सुमारे अडीचशे इमारती पाडून उंच मनोरे बांधण्याचे काम चालू आहे. ते मनोरे आम्हाला देखणे वाटत नाहीत. पण तेथे राहायचे आम्हाला नाही.

तेव्हा खरी किंमत मधल्या फोटोंची आहे, साधारण १९४० ते १९७५ या काळातल्या. ते मुंबईत नाहीत. ते अश्दोद, बेर शेवा, रामले येथे आपल्या कपाटांत, बिस्किटांच्या डब्यांत पडले आहेत, आणि शंभरातल्या नव्वदांच्या मागे एक अक्षर लिहिलेले नाही.

अशा फोटोचा काळ ठरवता येतो. धावणारी ट्राम दिसली, तर फोटो ३१ मार्च १९६४ किंवा त्याआधीचा, कारण त्या रात्री मुंबईची शेवटची ट्राम धावली. नुसते रूळ दिसले तर खात्री नाही. दुकानाच्या पाटीवर "मुंबई ३" किंवा "मुंबई ९" असेल, तर पाटी बहुधा १९७२ पूर्वी रंगवलेली. सहा आकडी पिनकोड असेल तर नक्की नंतरची. मोटारीच्या नंबराने मात्र फसू नये. गाडी जुनी असून फोटो नवा असू शकतो; उलट मात्र कधीच होत नाही. आणि मागे राजवाड्याचा जिना किंवा तळे दिसले, तर तो स्टुडिओतला रंगवलेला पडदा समजावा!

जागा ओळखणे याहून कठीण, आणि ते आमच्या वयाच्या मंडळींखेरीज कोणाला जमणार नाही. नातू फोटो पुढे धरून विचारतो, "एफो झे?" तेव्हा आपण फक्त माणसांची नावे सांगतो: ही आत्या, हा रुबेन. माणसांच्या मागे काय आहे तेही सांगावे. नळ कोणत्या चाळीचा, जिना कोणत्या बाजूला, मशीद किती पावलांवर, दाराच्या उजव्या बाजूला मेझुझा होती की नाही. नातवाने ते बोलणे मोबाइलवर भरून घ्यावे. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, कडेला लिहावे. बॉलपेनाचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई फुटते. आल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, पानासकट त्याचा फोटो घ्यावा.

आणि जागांची नावे हिब्रूबरोबर देवनागरीतही लिहावीत. खडक, दोन ताड, टणटणपुरा ही नावे स्वरचिन्हांवाचून हिब्रूत लिहिली, तर येथे शिकलेले मूल ती कशीही वाचील, आणि त्या नावाने मुंबईत रस्ता विचारला तर टॅक्सीवाल्याला काही कळणार नाही.