शटर उघडताना दाखवा

गूगल मॅप्सवर दुकानाची नोंद करणं सोपं. ते खरंच तिथे आहे आणि तुमचंच आहे, हे पटवून देणं अवघड. पूर्वी पत्त्यावर पोस्टकार्ड यायचं. त्यावरचा कोड भरला की काम झालं. पण पत्र पोचलं म्हणजे तिथे धंदा चालतो असं थोडंच आहे? खोट्या नोंदींनी गिऱ्हाईक फसतं आणि खऱ्या दुकानदाराच्या पोटावर पाय येतो. म्हणून आता बऱ्याचदा व्हिडिओ मागतात.

तो फोनवरूनच, सलग, काटछाट न करता काढायचा. किमान 30 सेकंदांचा. आधी रस्त्याची पाटी, शेजारची दुकानं, मग आपला फलक, आतला माल. सगळ्यात बोलका पुरावा किल्लीचा: कुलूप काढून शटर वर करणं किंवा गल्ला उघडणं गिऱ्हाइकाला जमणारं नाही. घरोघरी जाणाऱ्या प्लंबरने हत्यारं आणि नाव रंगवलेली गाडी दाखवावी.

बँकेचे कागद आणि लोकांचे चेहरे मात्र टिपू नका. तपासणीला 5 कामकाजाचे दिवस लागू शकतात. फलकावरचं नाव नोंदीशी जुळतं ना, हे चित्रीकरणाआधीच बघून घ्या.