रस्त्यावरील धूळ व नदीचे पाणी

मृगाची पहिली सर कोसळली म्हणजे गावचा रस्ता धुऊन निघतो व पाहणाऱ्यास समाधान वाटते. परंतु ती धूळ नाहीशी झालेली नसते; तिने केवळ जागा बदललेली असते. ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविणे अगत्याचे आहे.

मोहाडी तालुक्यातील वरठी गावाचे उदाहरण घ्यावे. भंडारा रोड हे रेल्वेस्थानक येथेच असून पोलादाचा मोठा कारखानाही येथे आहे. साहजिकच रस्त्यावर वाहनांची वर्दळ असते. अशा कोणत्याही रस्त्याच्या धुळीत निव्वळ माती नसते. टायरच्या रबरात जस्ताचे संयुग मिसळलेले असते. टायर झिजला की ते रस्त्यावर उतरते. ब्रेकच्या घर्षणातून तांब्याचे कण सुटतात. जुने रंग व फुटक्या बॅटऱ्या यांतून शिसे बाहेर पडते. पूर्वी पेट्रोलमध्येही शिसे मिसळीत असत. भारतात ते २००० साली बंद झाले. तरी त्यापूर्वी रस्त्याकडेच्या मातीत मुरलेले शिसे सहजी जात नाही. पालापाचोळा कुजून त्याचे खत होते. धातू मात्र मूलद्रव्य असल्यामुळे कुजत नाही व जळून नष्टही होत नाही.

उन्हाळाभर साचलेली ही धूळ पहिल्या पावसात नाल्यांत व तेथून वैनगंगेच्या खोऱ्यात उतरते. धुळीचा कण जितका बारीक, तितका त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग अधिक. म्हणून बारीक गाळाबरोबर धातू दूरवर वाहत जातात. जेथे पाणी संथ होते, तेथे तो गाळ तळाशी बसतो. त्याच गाळात जलकीटक व शिंपले वाढतात आणि मासे त्यांवर जगतात.

जस्त व तांबे शरीरास अल्प प्रमाणात आवश्यक आहेत. अतिरेक झाल्यास ते जलचरांस घातक ठरतात. शिशाचा मात्र शरीरास काडीचाही उपयोग नाही. ते बालकांच्या मेंदूच्या वाढीस बाधा आणते. त्याचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. बालके धुळीत खेळतात, तोच हात तोंडात घालतात आणि त्यांचे शरीर मोठ्यांपेक्षा अधिक शिसे शोषून घेते.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. लोहचुंबक कागदात गुंडाळून रस्त्यावरील कोरड्या धुळीतून फिरवावा. लोहयुक्त कण त्यास चिकटतील. त्यांतील काही मातीतील नैसर्गिक कणही असू शकतात, हे शिक्षकांनी सांगावे. तसेच शिसे, जस्त व तांबे चुंबकास चिकटत नाहीत; म्हणून जे दिसले नाही ते नाहीच, असा निष्कर्ष मुलांस काढू देऊ नये. प्रयोगानंतर सर्वांनी हात धुवावेत.

उपायही शाळेच्या आवाक्यातील आहेत. वर्ग झाडण्यापूर्वी पाणी शिंपडावे अथवा ओल्या फडक्याने फरशी पुसावी. पोषण आहारापूर्वी प्रत्येक मुलाने साबणाने हात धुवावेत. रस्त्यालगतचा केर गटारात लोटू नये. आवाराच्या कडेने गवताचा पट्टा राखावा. त्यात पाण्याचा वेग मंदावून गाळ अडतो. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण धातू जात नाहीत, हेही मुलांस समजावून द्यावे.

नाल्यात लोटलेली धूळ आपल्या दारातून गेली, तरी ती खालच्या गावाच्या दारी पोहोचते. एवढे ज्या विद्यार्थ्यास उमगले, त्यास स्वच्छतेचा खरा अर्थ कळला असे समजावे.