चार स्क्रूंखाली दडलेला देश

नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली घंटा वसईची, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला, चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर गेल्या आणि देवळादेवळांत टांगल्या गेल्या. वाईजवळच्या मेणवलीला जाल तर घंटेवर बाळ येशूला घेतलेली मारिया आजही दिसते. घंटा सध्या कुठे टांगली आहे यावरून ती कुठली ते कळत नाही. धातूत काय ओतलं आहे ते वाचावं लागतं.

हीच नजर पाच-सात हजारांच्या जुन्या इलेक्ट्रिक गिटारीवर रोखून पाहा. थक्क व्हायला होतं.

वसई पट्ट्यात गिटारीचं अप्रूप नाही. पापडी, नंदाखाल, गिरीज, कुठल्याही गावात जा, मिस्सातल्या गायकवृंदात आणि लग्नाच्या मांडवात ती असतेच. १९९१ च्या आधी परदेशी वाद्य दुकानातून सहज मिळत नसे. मिळे ती कोलकात्याची गिव्हसन, अमेरिकी गिब्सनशी एका अक्षराची फारकत राखून असलेली. इलेक्ट्रिक हवी असेल तर आखातात किंवा जहाजावर नोकरी करणारा मामा सुट्टीवर यायची वाट पाहायची. अशी एखादी गिटार आजही घरातल्या कपाटावर पडलेली असते. हेडस्टॉकवर, म्हणजे मानेच्या खुंट्यांकडच्या टोकावर, इंग्रजी नाव, खरेदी दुबईतली, आणि घरात पक्की समजूत की माल अमेरिकन. ती अमेरिकन असण्याची शक्यता फार कमी.

कारण हेडस्टॉकवरचं नाव फक्त एवढंच सांगतं, की गिटार कोणी विकली. आयबानेझ हे नाव व्हॅलेन्सियाच्या साल्वादोर इबान्येझ या स्पॅनिश कारागिराचं, पण ते लावणारी होशिनो गाक्की ही कंपनी जपानमधल्या नागोयाची. स्क्वायर ही मुळात मिशिगनमधली तारा बनवणारी कंपनी. फेंडर या अमेरिकी गिटार कंपनीने ती १९६५ मध्ये घेतली आणि १९८२ पासून हे नाव जपानमध्ये बनलेल्या आपल्याच धर्तीच्या स्वस्त गिटारींना चिकटवलं. नावाला गाव नसतं. गाव हवं असेल तर गिटार उलटी करून टेबलावर ठेवा.

मागे, मान जिथे धडाला जोडलेली असते तिथे, बहुतेक स्वस्त गिटारींना एक चौकोनी पत्रा आणि चार स्क्रू असतात. आधी तारा पूर्ण सैल करा, मग स्क्रू काढा. मान हलकेच वर येते आणि खाली दिसतो एक छोटासा खळगा, ज्यावर कारखान्यातून निघाल्यापासून उजेड पडलेला नसतो. तिथे रंग पातळ मारलेला असतो, कधी मारलेलाच नसतो. पेन्सिलीने लिहिलेला आकडा, रबरी शिक्क्याची तारीख, कुणा कामगाराची सही असं काहीबाही सापडतं. सर्वात बोलकी असते खळग्याची कड. तिच्यात पापुद्रे दिसले, तर धड प्लायवूडचं आहे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या सुरुवातीला कोरियात बनलेल्या कितीतरी स्वस्त गिटारी अशाच आहेत. सलग, फिकट तपकिरी, फारशा रेषा नसलेलं लाकूड दिसलं तर ते अगाथिस असू शकतं. हे आग्नेय आशियातलं झाड, म्हणून संशयाची सुई इंडोनेशियाकडे झुकते. गिटार उचलताना रिकामी वाटावी इतकी हलकी असेल तर पॉलोनिया, आणि मग बहुधा चीन.

आता पुढची प्लेट उघडा. आवाजाचं बटण ज्याच्यावर बसतं त्या पॉटची पाठ पाहा. अमेरिकी पॉट मोठा, साधारण २४ मिलिमीटर व्यासाचा. त्यावर १३७ ने सुरू होणारा आकडा असेल तर पॉट सीटीएस कंपनीचा, आणि पुढच्या अंकांत तो कोणत्या साली, कितव्या आठवड्यात बनला तेही असतं. आशियाई स्वस्त गिटारीत हाच पॉट १६ मिलिमीटरचा, चणीने बारका. मानेतली सळई फिरवायला चार किंवा पाच मिलिमीटरची अॅलन की चपखल बसली, तर कारखाना मेट्रिक मापांत विचार करणारा आहे. अमेरिकेत आजही इंच चालतात. देशाची ओळख किल्लीच्या मापात असते, ही गोष्ट मला अजून जुनी वाटत नाही.

पण एकच नाव जपान, कोरिया, इंडोनेशिया, चीन असं फिरत का राहिलं? त्यासाठी जपानमधल्या मात्सुमोतो गावापासून सुरुवात करायला हवी. (वसईकराला जपान तसा परका नाही. आमचे संत गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीत क्रुसावर गेले.) मात्सुमोतोत फुजिगेन ही गिटार कंपनी १९६० मध्ये सुरू झाली. तिथलीच मात्सुमोकू ही कंपनी आधी सिंगर शिलाई मशिनांची लाकडी कॅबिनेटं बनवायची. लाकूड बारीक कापायचं, पॉलिश चढवायचं कसब हातात होतंच, ते गिटारीकडे वळलं. सत्तरच्या दशकात जपानी नकला इतक्या चांगल्या झाल्या, की १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने हेडस्टॉकच्या आकारावरून आयबानेझच्या अमेरिकी वितरकावर फिलाडेल्फियात दावा ठोकला. नक्कल वाईट असती तर कोर्टाची पायरी कोण चढलं असतं?

मग सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांच्या अर्थमंत्र्यांनी डॉलर उतरवायचं ठरवलं. दोन-अडीच वर्षांत डॉलरचे येन जवळपास निम्मे झाले. जपानी गिटार अमेरिकेत स्वस्त राहिली नाही, आणि मात्सुमोकू १९८७ मध्ये बंद पडली. काम कोरियाकडे गेलं, सामिक, यंग चांग, कॉर-टेक या कंपन्यांकडे. कोरियातली मजुरी वाढली तसं ते इंडोनेशियाकडे आणि चीनकडे सरकलं. कॉर-टेकच्या कॉर्ट गिटारी बनवणाऱ्या कोरियन कामगारांना २००७ मध्ये काढून टाकलं गेलं, आणि त्यांचा लढा २०१९ पर्यंत चालला. त्याच कंपनीचा कारखाना इंडोनेशियात सुराबायाला आहे. स्क्वायर, आयबानेझ आणि स्वतःची कॉर्ट अशा भिन्न नावांच्या गिटारी तिथे बनत आल्या आहेत.

या प्रवासात एक थांबा भारताचाही होता, आणि हे फार कमी जणांना माहीत असतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फेंडरने स्वस्त मालासाठी भारतातही गिटारी बनवून घेतल्या. ‘सन मस्टँग’ नावाची एक, आणि ‘स्क्वायर टू’ मालिकेतल्या काही. म्हणजे वसईतला मामा दुबईहून परदेशी गिटार आणत होता त्याच सुमारास अमेरिकेतला एखादा पोरगा ‘मेड इन इंडिया’ गिटारीवर पहिला कॉर्ड शिकत होता. हा दौर थोडक्यात आटोपला. तिकडे या गिटारींना कुणी फारसं नावाजलं नाही, पण आज त्या हुडकणारे शौकीन आहेत.

अनुक्रमांकांचं गणित तुलनेने सोपं. जुन्या स्क्वायरवर जेव्ही असेल तर १९८२ ते ८४ चं जपान. आयसीएस म्हणजे इंडोनेशिया, कॉर-टेक, स्क्वायर, आणि पुढचे दोन अंक सालाचे. केसी म्हणजे कोरिया, कॉर-टेक. सीवाय म्हणजे चीन, याको कंपनी. १९७५ ते ८६ मधल्या जपानी आयबानेझवर पहिलं अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी आणि एल म्हणजे डिसेंबर. गिब्सनच्याच एपिफोन या स्वस्त नावाच्या २००८ नंतरच्या आकड्यांत साल आणि महिन्यानंतर १५ आला तर चीनमधलं चिंगदाव. ई या अक्षराने मात्र भले भले फसतात, ते जपानी आणि कोरियन दोन्ही स्क्वायरवर येतं. तिथे पुन्हा खळगाच कामी येतो. शिवाय आकडा छापायला काही लागत नाही. बनावट गिब्सनवर खऱ्या गिब्सनचा आकडा सर्रास असतो. सळईच्या झाकणाला दोनाऐवजी तीन स्क्रू दिसले की सावध व्हा.

आता सगळ्यात गमतीची गोष्ट. बोटं जिच्यावर फिरतात ती फ्रेटबोर्डची काळसर पट्टी जगभर वर्षानुवर्षं शिसवीची असे, आणि त्यात मोठा वाटा भारतीय शिसवीचा. २ जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या सगळ्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध लागू झाले, प्रत्येक गिटारीमागे कागदपत्रं आली. वाद्यांना त्यातून २०१९ मध्ये सूट मिळाली, पण तोवर कंपन्यांनी दुसरी लाकडं शोधली होती. स्वस्त स्क्वायर आणि एपिफोनच्या माहितीपत्रकात तेव्हापासून ‘इंडियन लॉरेल’ हे नाव दिसू लागलं. भारदस्त वाटतं ना? हा आपला ऐन. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल असलेलं हे झाड वसईच्या पूर्वेला तुंगारेश्वरच्या रानात चालता चालता भेटतं. ही जात भारतापासून ब्रह्मदेश, थायलंडपर्यंत वाढते. तेव्हा नाव अमेरिकी, जुळणी इंडोनेशियातली, पॉट तैवानी कंपनीचा, आणि डाव्या हाताच्या बोटांखाली ऐन. अशा वाद्याला ‘कुठली?’ असं एकवचनी विचारणंच मला चुकीचं वाटतं. लाकूड कुठलं, हात कुणाचे, नाव कुणाचं, असं सुटं सुटं विचारावं.

एक गैरसमजही काढून टाकू. देश म्हणजे दर्जा नव्हे. कंटाळून बनवलेली जपानी गिटार असते आणि मन लावून बनवलेली इंडोनेशियन असते. प्लायवूडच्या कोरियन गिटारीची मान सरळ असेल, तर खारी हवा खाऊन वाकलेल्या जपानी गिटारीपेक्षा ती कितीतरी पटीने बरी. आमच्याकडच्या दमटपणात फ्रेट गंजतात, खुंट्या अडकतात. किंमत ठरवताना शिक्क्याच्या आधी या गोष्टी पाहाव्यात.

नवी घेत असाल तर काम हलकं आहे. आयात मालाच्या खोक्यावर मूळ देश आणि आयातदाराचं नाव छापणं कायद्याने बंधनकारक आहे. भारतीय वाटणाऱ्या नावाखाली चीन लिहिलेलं दिसलं तर दचकू नका, तसं बऱ्याचदा असतं. ते खोकं मात्र फेकू नका. जुनी घ्यायला जाल तेव्हा खिशात स्टार स्क्रू-ड्रायव्हर ठेवा, आणि जो विकणारा ते चार स्क्रू उघडू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.