डेंग्यूच्या रुग्णाची घरगुती शुश्रूषा

चातुर्मास हा जसा तपाराधनेचा, तसाच डासांच्या पैदाशीचाही काळ होय. सन २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीच्या पुराने बडोदे शहराचा बराच भाग जलमय झाला आणि पाठोपाठ पर्युषण पर्व आले. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास घरात व पेढीवर साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो व मुख्यतः दिवसा चावतो. अंडी घालण्यापूर्वीच पाणी झाकून ठेवले, तर जीवहिंसेचा प्रश्नच उद्भवत नाही.

डेंग्यूच्या विषाणूवर रामबाण औषध नाही. म्हणून शुश्रूषेलाच येथे उपचाराचे महत्त्व आहे. ताप साधारणतः २ ते ७ दिवस राहतो. तो उतरला की घरची मंडळी निश्चिंत होतात, आणि नेमका तेव्हाच धोका संभवतो. या सुमारास काही रुग्णांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्तातील द्रव बाहेर झिरपतो, रक्त घट्ट होते व रक्तदाब घसरतो. हे २४ ते ४८ तास रुग्णाजवळ जाणते माणूस बसलेच पाहिजे.

पाणी, मुगाचे कढण, ताक, शहाळ्याचे पाणी, क्षार-साखरेचे तयार मिश्रण हे थोडेथोडे, पण वारंवार द्यावे. रात्रीही द्यावे. येथे चौविहाराचा प्रश्न येतो. रुग्ण, विशेषतः वडीलधारी माणसे, सूर्यास्तानंतर पाण्याला स्पर्श करीत नाहीत. परंतु पच्चक्खाणांत समाधी टिकावी म्हणून आगार ठेवलेले असतात, आणि वैयावृत्य हे तर आभ्यंतर तपच मानले आहे. तेव्हा गुरुमहाराजांचा सल्ला पहिल्याच दिवशी घ्यावा. मध्यरात्री वाद घालण्यात अर्थ नाही. उपवास मात्र बरे झाल्यावर करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तापासाठी केवळ पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील त्याच मात्रेत. अंगदुखीसाठी ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेन घेऊ नये; त्याने रक्तस्राव वाढतो. हृदयविकारासाठी रोज ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी मात्र ते परस्पर बंद न करता डॉक्टरांना त्वरित विचारावे. तापाच्या दिवसांत रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवावे, म्हणजे त्याच्यापासून डासामार्फत इतरांना लागण होणार नाही.

आपण व्यापारी माणसे. प्लेटलेटच्या आकड्याकडे बाजारभावासारखे डोळे लावून बसतो. एकटा तो आकडा पुरेसा नाही. त्यापेक्षा रुग्णाचा रोजमेळ ठेवावा: किती पाणी पोटात गेले, लघवी किती वेळा झाली, ताप किती. सलाइन घरीच लावून घेण्याचा आग्रह धरू नये. द्रव अवाजवी झाला तर तोही घातक ठरतो.

पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, नाक वा हिरड्यांतून रक्त, काळी शौचास, हातपाय गार पडणे, सहा तास लघवी न होणे, बेचैनी किंवा गुंगी यांपैकी एकही लक्षण दिसताच सयाजी रुग्णालयात किंवा जवळच्या इस्पितळात न्यावे. सकाळची वाट पाहू नये, आणि रोजमेळाचा तो कागद बरोबर घ्यावा.